पिन माझ्या हातात दे

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी अंगणात पांढरी चादर अंथरते. पांढरीच, कारण मशीन खोलली की बारीक स्क्रू उड्या मारतात आणि रंगीत चादरीवर ते सापडत नाहीत. पेरूच्या सावलीत बाबांची खुर्ची ठेवते. काचबिंदूने त्यांची नजर गेली, आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. मग दिवाणाखालची लोखंडी पेटी ओढून चारही मशिनी बाहेर काढते: ड्रिल, हँड ग्राइंडर, रंधा मशीन आणि जिगसॉ.

खोलण्याआधी प्रत्येक मशीन एकदा रिकामी फिरवून बाबांना ऐकवायची. ते मान तिरकी करून ऐकतात. आवाज बंद झाला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो.

"पिन कुठंय वं?"

"काढली बाबा."

"काढली म्हणू नको. माह्या हातात दे."

मी प्लग त्यांच्या तळहातावर ठेवते. अंगठ्याने ते पिना चाचपतात, मूठ मिटतात आणि मगच म्हणतात, "हं, खोल आता." मी स्क्रू काढत असते, आतला भुसा झाडत असते, तोवर त्या मशीनची पिन त्यांच्या मुठीत असते. वायर माझ्या मांडीवरून त्यांच्या खुर्चीपर्यंत गेलेली. वीज जिथून यायची ते टोक डोळ्यांना किंवा हाताला कळत असल्याशिवाय आमच्या घरात कुठल्याही मशीनला पान्हा लागत नाही.

आमच्या धंद्यात अवजार हा शब्द कोणी फारसा वापरत नाही. पटाशी, वाकस, करवत, गिरमिट, रंधा, ही सगळी हत्यारं. नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या दुकानात मी हाच शब्द ऐकत मोठी झाले. शाळेत धड्यात हत्यार म्हणजे तलवार-भाला असं वाचलं, तेव्हा मला नवल वाटलं होतं. एकाच शब्दात कामाची वस्तूही आहे आणि जखम करणारी वस्तूही, हे पुढे कळलं. विजेच्या मशिनी आल्या आणि हा शब्द त्यांना आणखी चपखल बसला. जर्मनीतल्या फाइन कंपनीने १८९५ साली हातात धरून चालवायचं विजेचं ड्रिल बनवलं, आणि १९१७ साली अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. आज सुताराच्या, इलेक्ट्रिशियनच्या, पडदे लावणाऱ्याच्या हातात जी ड्रिल मशीन दिसते तिचा आकार तिथून आला. खंडेनवमीला आपण तिला हळदकुंकू वाहतो तेव्हा शस्त्राचीच पूजा करत असतो.

लाकूड म्हणजे आमच्याकडे सागवान. आलापल्ली-बल्लारपूरकडचा साग नागपूरच्या बाजारात यायचा आणि इथून कुठे कुठे जायचा. दिल्लीच्या नव्या संसद भवनाला सागवान नागपूरहून गेलं, हे मी बाबांना बातमीतून वाचून दाखवलं होतं. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग मला पुन्हा वाचायला लावलं. दुकान आता नाही. पण पोळ्याच्या आधी दोन महिने मी आणि दादा घराच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी बनवतो. वीतभर उंचीपासून लहान पोराच्या कमरेएवढे. पोरं ते सजवून घरोघरी नेतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्या दोन महिन्यांचा सागाचा भुसा खंडेनवमीपर्यंत मशिनींच्या पोटात बसलेला असतो. म्हणून ही सफाई.

*

पिन हातात घेण्याची ही सवय बाबांना पहिल्यापासून नव्हती.

२००६ चा उन्हाळा. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल आणि कधी येईल याचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं, पण ती त्या वेळापत्रकाने वागत नसे. एका दुपारी कारागीर दाराच्या फळीवर रंधा मशीन चालवत होते. आमच्या त्या मशीनला चाप दाबून बाजूचं छोटं बटण आत ढकललं की चाप दाबलेलाच राहायचा, बोट दुखू नये म्हणून. वीज गेली. मशीन आपोआप थांबली. कारागिरांनी ती तशीच फळीवर ठेवली आणि ते चहाला गेले. बटण आतच राहिलं होतं. पिन बोर्डात होती. मशीन मात्र गप्प होती, आणि गप्प मशीन बंदच आहे असं सगळ्यांना वाटतं.

दुकानात झाडलोट करणारा पोरगा तेवढा आत होता, पंधरा-सोळा वर्षांचा. वीज आली तशी मशीन जागची उठली. रंध्याचं पातं मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेतं. ती फळीवरून स्वतःच सरकत गेली, कडेवरून खाली कोसळली आणि पडता पडता तिने स्वतःचीच वायर पात्यात ओढून घेतली. पडणारी वस्तू धरायला माणसाचा हात जातोच. पोराचाही गेला. तळहातावर नऊ टाके पडले. वायर तुटून तांबं उघडं पडलं होतं, ते त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर होतं. तो अनवाणी होता.

बाबांनी त्या दिवशी कारागिरांना एक शब्दही बोलून दाखवला नाही. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक मशीनचं ते छोटं बटण दाबून, सोडून, चाप परत बाहेर येतो का ते स्वतः पाहिलं, आणि दुकानात दोन नियम झाले. वीज गेली की आधी चाप मोकळा करून पिन काढायची, मग चहा. आणि मशीनला काहीही करायचं असेल, पातं बदलायचं असो, ड्रिलचा भोक पाडायचा बिट बदलायचा असो, नुसता भुसा फुंकायचा असो, पिन आधी बाहेर.

तो पोरगा आज कळमन्याकडे स्वतःचं फर्निचरचं दुकान चालवतो. दसऱ्याला सोनं द्यायला येतो. आपट्याची पानं पुढे करतो तेव्हा तळहातावरची ती पांढरी रेघ दिसते. बाबांना दिसत नाही, पण सोनं घेताना ते त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवतात.

*

नागपुरातल्या लेकराला पिन काढायचा धडा खरं तर कूलर देतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घरोघरी लोखंडी टपाचे कूलर घरघरत असतात, आणि पाणी टाकण्याआधी "पिन काढली का?" हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. महावितरण दर उन्हाळ्यात तेच सांगतं. ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर उभं राहून चालू कूलरच्या पत्र्याला हात लावल्याने माणसं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. तरी त्याच घरात ड्रिल मशीनचा बिट पिन न काढता बदलला जातो. कूलर मारतो हे ऐकून माहीत झालं आहे. ड्रिलबद्दल कोणी सांगितलेलं नसतं. बिट पकडणाऱ्या जबड्याला चक म्हणतात, तो चावीने आवळतात. चकची चावी लावलेली असताना चुकून चाप दाबला गेला तर ती चावी गोळीसारखी सुटते.

यावर बाबांची युक्ती मला फार आवडते. चकची चावी त्यांनी सुतळीने वायरला बांधली आहे, पण मशीनजवळ नाही, अगदी पिनेजवळ. सुतळी एवढी आखूड की पिन बोर्डात असेल तर चावी चकपर्यंत सहजासहजी पोचत नाही. बिट बदलायचा तर पिन काढणंच सोपं पडतं.

*

आता सफाईचं.

भुसा दिसायला निरुपद्रवी दिसतो. मोटरच्या मागच्या बाजूला जाळीसारख्या फटी असतात, आतला पंखा तिथून हवा ओढतो आणि तारेच्या गुंडाळीवरून फिरवून पुढे सोडतो. मोटरला थंड ठेवणारी तेवढीच सोय. फटी भुशाने बुजल्या की गुंडाळी तापते, तिच्यावरचं वार्निश करपायला लागतं, आणि एक दिवस गोडसर जळका वास येतो. तो वास एकदा आला की मशीन बायंडिंगवाल्याकडेच, म्हणजे नवी गुंडाळी भरणाऱ्याकडेच, जाते. शेतातल्या पंपाची मोटर जळाल्यावर जो वास येतो, तोच. हा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो, म्हणून मशीन दमून हळू फिरायला लागली की पंखाही हळू होतो, नेमका गरज असते तेव्हा. बाबा जड काम झाल्यावर मशीन लगेच बंद करू देत नाहीत. मिनिटभर रिकामी फिरवायची, वारा घेऊ द्यायचा. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली हे विशेष पाळायचं.

फटी मी रंगाच्या जुन्या इंचाच्या ब्रशने झाडते, कोपऱ्यांना दात घासायचा जुना ब्रश. टाचणी किंवा तार आत घालत नाही, गुंडाळीवर ओरखडा पडला तर सगळंच गेलं. पुष्कळ जण मशीन उचलून चौकातल्या पंक्चरवाल्याकडे नेतात आणि हवा मारून आणतात. मीही नेली होती. त्या हवेचा दाब फार असतो, भुसा बाहेर पडण्याऐवजी बेअरिंगमध्ये जाऊन बसतो, शिवाय टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर फवाऱ्यासारखं येतं. हवा मारायचीच तर टाकीतलं पाणी आधी सोडून, कमी दाबाने, थोड्या लांबून, डोळ्यांवर चष्मा लावून. आणि तोंडावर मास्क. सागाच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, नाक चोंदतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. लाकडाचा भुसा वर्षानुवर्षं श्वासात जाण्याचा संबंध नाकाच्या कॅन्सरशी आहे, हे मात्र गल्लीत कोणी सांगितलं नाही. आमच्या लहानपणी कारागीर नाकाला रुमालही बांधत नसत.

बाहेरचं अंग पुसताना एक चूक मी केली आहे ती सांगते. बारावीत होते. ड्रिलच्या मुठीवर पॉलिशचे आणि फेविकॉलचे डाग होते. बाबांना खूश करावं म्हणून मी थिनरने चोळून चोळून ती चकचकीत केली. चार-सहा महिन्यांत मुठीवर केसासारखी भेग दिसायला लागली. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल अशा गोष्टी कित्येक प्लॅस्टिकांना ठिसूळ करतात. मला वाटलं, दिसायला वाईट, एवढंच. बाबांनी मशीनवरची पट्टी दाखवली. तिच्यावर एक चौकोन आणि त्याच्या आत दुसरा चौकोन छापलेला होता. त्याचा अर्थ अशा मशीनला अर्थिंगची तिसरी तार नसते, आत इन्सुलेशनचे दोन थर असतात आणि माणूस त्यांच्या भरवशावर ती हातात धरतो. मुठीचं प्लॅस्टिक त्या भरवशाचाच भाग. त्याला भेग म्हणजे २३० व्होल्ट आणि आपला तळहात यांच्यामधल्या भिंतीला भेग. त्यात मे महिन्यातला घाम. ती मूठ बदलून आणेपर्यंत मशीन कपाटात कुलूप लावून ठेवली होती. तेव्हापासून कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून, आणि मागून कोरडं फडकं. पाणी थेट मशीनवर कधीही नाही.

कार्बन हा माझा आवडता भाग आहे. मोटरच्या दोन बाजूंना दोन टोपणं असतात, चपट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवली की स्प्रिंग लावलेले दोन काळे ठोकळे बाहेर येतात, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या गाभ्याच्या, एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं गोल असतं, त्याच्यावर हे ठोकळे घासत राहून वीज आत पोचवतात. झिजणं हेच त्यांचं काम. काढताना मी पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करते, कारण त्यांचं तोंड त्या गोलाला जुळेल असं बाकदार झिजलेलं असतं. उलटे बसले तर ठिणग्या पडतात. पुष्कळ कार्बनवर झिजेची रेघ कोरलेली असते. रेघ नसेल तर मूळच्या एक तृतीयांश उरला की बदलायचा, आणि एक संपला तरी दोन्ही बदलायचे. नवे बसवले की मशीन थोडा वेळ रिकामी चालवायची, म्हणजे त्यांची तोंडं गोलाला जुळतात. जिथे ठोकळे बसतात ती खाच कोरड्या फडक्याने पुसायची. तिथे साचलेली काळी पूड कार्बनचीच असते, तिच्यातून वीज वाहते.

फटींमधून डोकावलं तर बारीक निळसर ठिणगी दिसते, ती चालते. पण गोलाभोवती ठिणग्यांचं कडंच फिरताना दिसलं तर मशीन तिथल्या तिथे थांबवावी. बाबांना ते दिसत नाही, त्यांना ऐकू येतं. "तडतडून राह्यली," म्हणतात. बेअरिंग गेली असेल तर "दळून राह्यली." त्यांचं निदान मी अजून चुकलेलं पाहिलं नाही.

वायर मी शेवटी बघते, पण खरं तर ती आधी बघायला हवी. मुठीतून वायर जिथे बाहेर पडते तिथे रबराची नळी असते, तिच्या तोंडाशी वायर वाकून वाकून आतून तुटते. बोटांनी दाबत इंच इंच पुढे जायचं. कुठे मऊ लागली, कुठे फुगली, कुठे रंग फिका झाला, की थांबायचं. चिकटपट्टी गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. खराब भाग कापून वायर आतल्या टर्मिनलला नव्याने जोडून घ्यायची, नाहीतर सगळीच बदलायची. मशीनभोवती वायर आवळून गुंडाळायची नाही, सैल वेटोळं करायचं. वायरला धरून मशीन उचलायची नाही आणि वायर ओढून पिन काढायची नाही.

आणि माचिसच्या काड्या. साइटवर जाऊन पाहा. पिन तुटलेली, वायरीची दोन टोकं सोललेली, ती सॉकेटच्या भोकांत घालून वर माचिसची काडी ठोकलेली. मला हे पाहून अजून पोटात गोळा येतो. किंवा थ्री-पिनची वरची जाड पिन पक्कडने कापलेली, दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून. ती जाड पिन अर्थिंगची असते. मुद्दाम लांब ठेवलेली, म्हणजे लावताना आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. कोणीतरी एवढा विचार करून ठेवला आहे, आणि आपण तो पक्कडने कापतो.

ग्राइंडरचं लोखंडी कीस हे वेगळं प्रकरण आहे. भुसा फक्त तापवतो. लोखंडाच्या किसातून वीज वाहते, आत साचला तर ती अंगापर्यंत आणू शकते. म्हणून ग्राइंडर दर वेळी झाडायचा, आणि शेडच्या बोर्डावर आम्ही ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा खटका, बसवून घेतला आहे. एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की पडणारा नेहमीचा खटका, आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना मी नेहमी सांगते, की तो वायरिंग वाचवतो. वीज गेली तेवढी परत आली का, हे बघणारा आरसीसीबीच. त्याच्यावरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. दादा मोबाइलमध्ये दर एक तारखेची आठवण लावून ठेवतो.

डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत छापलेली असते, साधारण तीन वर्षांची. ती संपलेली डिस्क मी मोडून फेकते, कोणाला देत नाही. गार्ड काढत नाही, आणि लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणाऱ्याला माझी मशीन देत नाही, मग तो नात्यातला का असेना.

*

यंदा रंधा मशीन सगळ्यांत शेवटी आली. मी व्हरांड्यातल्या बोर्डात पिन लावली, वीस-पंचवीस सेकंद फिरवली. बाबांनी हात वर केला.

"डाव्या अंगाचा कार्बन पाह्य."

चाप सोडला, पातं पूर्ण थांबलं, पिन काढून त्यांच्या हातात दिली, आणि थेट डावं टोपण फिरवलं. ठोकळा चार-पाच मिलिमीटरच उरला होता, त्याच्या कडेला छोटा टवकाही गेलेला. उजवा बरा होता. दोन्ही काढून मी माचिसच्या रिकाम्या पेटीत ठेवले. या मशीनचा कार्बन सहज मिळत नाही, इतवारीत नमुना दाखवून मापाला माप लावून आणावा लागतो. उद्या पूजेआधी जाऊन यायला हवं. टोपणं परत लावली, पात्याच्या कडेला तेलाचा हात फिरवला, मशीन फडक्यात गुंडाळली.

"झालं बाबा. द्या पिन."

त्यांनी मूठ उघडली. इतका वेळ घट्ट धरल्यामुळे तळहातावर दोन गोल ठसे उमटले होते.